कागद दुकानाबाहेर

दुकानात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर एक लाकडी पाटी दिसते. काळ्या रंगावर पांढरी अक्षरं: 'कागद दुकानाबाहेर दिले जाणार नाहीत.' नवं गिऱ्हाईक ती वाचून बुचकळ्यात पडतं. शिंप्याकडे कागद मागायला कोण येतं? पण ज्याला शिवणकाम कळतं तो गालातल्या गालात हसतो. कागद म्हणजे खाकी कागदात कापलेला कपड्याचा साचा. पाठीचा एक, पुढच्या भागाचा एक, बाहीचा एक. तो कापडावर ठेवायचा, भोवतीने खडूची रेघ मारायची आणि कात्री चालवायची. शिलाई कुणीही शिकेल. दुकान चालतं ते कागदावर.

पाटी अण्णांनी लावली. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी तिथेच आहे. दुकान आता त्यांचा धाकटा मुलगा चालवतो. आणि कापड कापायच्या टेबलाशी उभी असते त्याची थोरली बहीण. तिला सगळी पेठ कात्रीताई म्हणते, काही जण कौतुकाने आणि काही जण तिच्या जिभेमुळे.

ताई लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या, पण टेबल सोडलं नाही. नवरा बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त आहे. मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून गेला. त्याच्यावर बरेच दिवस नुसता टेबलक्लॉथ होता.

दुकानात कागद टांगायला खिळ्यांची एक रांग आहे. शर्टांचा खिळा, कोटांचा खिळा, विजारींचा खिळा. शेवटचा खिळा ताईंचा स्वतःचा. त्याला त्या 'बसलेल्यांचा खिळा' म्हणतात.

त्याची सुरुवात पोस्टातल्या बाईंपासून झाली. या बाई चाकाच्या खुर्चीवर बसून पोस्टाची खिडकी सांभाळतात. एकदा त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, जगातल्या सगळ्या विजारी उभ्या माणसासाठी शिवलेल्या असतात. मी बसले की पुढे पोटावर गोळा होतो आणि मागून कंबर उघडी पडते. दिवसभर लोकांना तिकिटं द्यायची की पाठ झाकायची?"

ताईंनी त्यांना उभं करायचा किंवा आडवं झोपवायचा प्रयत्न केला नाही. खुर्चीतच माप घेतलं. मागची कंबर उंच केली, पुढची खाली उतरवली, गुडघ्याशी कापड वाढवलं. मागचे खिसे काढून टाकले आणि बसायच्या जागेवरची शिवण बाजूला सरकवली, कारण दिवसभर त्या शिवणीवर बसलं की कातडीला जखम होते. मग खांदा आखडलेले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या शर्टाची बाही काखेपासून मनगटापर्यंत उघडेल अशी केली, दाबाची बटणं लावून. मग पायाला लोखंडी पट्ट्या असलेली एक मुलगी आली. खिळा भरत गेला.

एके दिवशी दुसऱ्या गावाहून एका बाईचा फोन आला. मुलगा खुर्चीत असतो, प्रवास झेपत नाही, मला शिवता येतं, फक्त कागद पाठवा. फोन धाकट्याने घेतला होता. त्याने बोलता बोलता पाटीकडे बघितलं आणि नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. ताई तेव्हा एका कोटाची पाठ कापत होत्या. कापत राहिल्या. ती पाठ वाकडी गेली. ताईंच्या हातून वाकडं जाणं ही दुकानातली बातमी होती.

पुढे कंपनीचा माणूस आला. तयार कपड्यांची मोठी कंपनी, माणूस मवाळ बोलणारा. त्याला शेवटच्या खिळ्यावरचे सगळे कागद हवे होते. धाकट्याचा चेहरा उजळला. त्यालाही दोष देता येणार नाही. तयार कपड्यांनी दुकान खाल्लं होतं. चारातल्या दोन मशीनवर कायमची झाकणं होती आणि एका मशीनवर तर चहाचे कप ठेवायला सुरुवात झाली होती.

"अट एकच," तो माणूस म्हणाला. "हे कागद मग आमचेच. बाहेर कुठेही दिसता कामा नयेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी मी सह्यांसाठी येतो."

"कपडे बाजारात कधी आणणार?" ताईंनी विचारलं.

"बाजार बघून."

"आणि बाजार नाही दिसला तर?"

"तर कागद आमच्याकडे सुरक्षित राहतील ना. चांगलं कपाट आहे."

"कपाटाला काय करायच्यात विजारी?" ताई म्हणाल्या.

धाकट्याने त्यांच्याकडे असं बघितलं की माणूस हसायचा तेवढा हसून निघून गेला.

त्याच संध्याकाळी ताईंनी शेवटच्या खिळ्यावरचे कागद उतरवले, गुंडाळले आणि कापडी पिशवीत घातले. लपूनछपून नाही, धाकट्याच्या डोळ्यांसमोर.

"कुठे निघालीस?"

"घरी."

"पिशवीत काय आहे?"

"माझं काम."

"ताई, पाटी वाच."

"वाचलीय. मी सात वर्षांची असताना तिच्यावर रंगाचा पहिला हात मीच दिलाय."

घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवरचा टेबलक्लॉथ काढला आणि नवऱ्याला सांगितलं, हे सगळं इंटरनेटवर टाकायचंय. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, घरी छापावं, शिवावं. पैसे नाहीत, परवानगी नाही, विचारणं नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे धाकट्याशी कायमचं वाकडं."

"त्याचं तो बघेल."

"बरं," ते म्हणाले. "मग मी काय धरू?"

विजारीचा कागद स्कॅनरच्या काचेवर मावत नाही. तुकड्यातुकड्याने स्कॅन करायचा आणि पडद्यावर कडेला कड लावून जोडायचा. हे फोनवरून मुलाने शिकवलं. जोडणं ताईंना लवकर जमलं. अडलं ते पुढे. त्या घराच्या इंटरनेटचा एक स्वभाव आहे: येताना सगळं धो धो येतं आणि जाताना थेंब थेंब जातं. सिनेमा बघायचा तर लगेच हजर, पण आपल्या घरातलं काही वर पाठवायचं म्हटलं की पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते. मध्येच लाइन तुटली की पहिल्यापासून.

"भरलेली गाडी चढावर," ड्रायव्हरसाहेब पट्टीकडे बघत म्हणाले. "पहिल्या गिअरमध्ये घे म्हणावं. मागे घसरली नाही म्हणजे मिळवलं."

ती घसरलीच. पुन्हा घसरली. संध्याकाळी आख्खी इमारत सिनेमा बघत असते म्हणून ताईंनी सकाळची वेळ धरली. शेजारी दात घासत असतात तेव्हा लाइन मोकळी असते. पहिला कागद वर गेला तो पोस्टातल्या बाईंच्या विजारीचा. शिवणकाम करणाऱ्यांची एक वेबसाइट आहे, तिथे. खाली ताईंनी एक ओळ लिहिली: 'बसून राहणाऱ्या माणसासाठी. फुकट. बिनधास्त वापरा.'

लोकांनी वापरला. आणि आठवड्याच्या आतच निरोप येऊ लागले.

पहिला निरोप सभ्य होता. कापड चांगलं घेतलं, सूचना नीट पाळल्या, पण वडिलांना मांडीत आवळते. दुसरा तेवढा सभ्य नव्हता. तिसरीने सरळ लिहिलं होतं: माझी आई ही विजार घालून रडली, तिला वाटलं ती पुन्हा जाड झाली. ज्याला येत नाही त्याने लोकांच्या कापडाची वाट लावू नये.

ताईंनी तो शेवटचा निरोप दोनदा वाचला. मग छापलेली पानं जोडून मूळ खाकी कागदावर ठेवली. कडेला कड तंतोतंत. छपाईत चूक नव्हती. स्कॅनरमध्ये चूक नव्हती. याच कागदावरून कापलेली विजार पोस्टातल्या बाई रोज घालत होत्या आणि ती कुठेही आवळत नव्हती.

"मग हा कागद दुकानात खरं बोलतो आणि बाहेर खोटं?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. ते गमतीने म्हणाले होते. ताई मात्र उठल्या आणि चपला घालून दुकानात गेल्या.

धाकटा काज करत होता. त्याला निरोपांची कल्पना होती. तोही वेबसाइट बघत होता, रोज.

"कळलं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काय कळायचंय?"

"अण्णांचं बोट विसरलीस तू."

ताईंनी स्टूल ओढून घेतलं.

गोष्ट जुनी होती. अण्णांचा एक कारागीर कागदांच्या नकला घेऊन पळाला होता आणि समोरच्याच फुटपाथवर दुकान थाटून बसला होता. त्यानंतर अण्णांनी पाटी लावली आणि पाटीवर विसंबून न राहता दुसरीही एक तजवीज केली. प्रत्येक कागद ते मुद्दाम लहान काढू लागले. कुठे बोटभर, कुठे अर्धं बोट, कुठे अजिबात नाही. कापताना ती वाढ हाताने द्यायची. हे फक्त दोन मुलांना शिकवलं. कागद कुणी चोरला तरी त्याच्या हाती आवळणारा कपडा लागावा.

ताईंना हे माहीत नव्हतं असं नाही. घरातल्या बुटक्या दारातून जाताना मान आपोआप खाली जाते. पाहुण्याला सांगायचं राहून जातं आणि त्याच्या कपाळाला टेंगूळ येतं. तसंच झालं होतं. टेबलाशी उभं राहिलं की ताईंचा खडू कागदाच्या कडेपासून आपसूक दूर सरकायचा. आणि शेवटच्या खिळ्यावरचे कागद, जे अण्णांनी कधी पाहिलेही नव्हते, जे ताईंनी स्वतःच्या डोक्याने काढले होते, तेही त्यांच्या हाताने बोटभर चोरूनच काढले होते.

"अण्णांनी कुलूप घालून ठेवलंय," धाकटा म्हणाला. "तू कितीही वर टाक. सोमवारी मी कंपनीच्या माणसाला सांगतो, जो काय बाहेर गेलाय तो निरुपयोगी आहे, किल्ली आमच्याकडे आहे. तो ऐकेल."

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"आणि लोकांचं कापड वाया जाऊ दिलंस."

"मी नाही टाकला, ताई. तू टाकलास."

ताई घरी आल्या, तो एक कागद वेबसाइटवरून काढून टाकला आणि तिथे लिहिलं: 'चूक माझी आहे. तुमची किंवा तुमच्या घरच्यांची नाही. दुरुस्त करून पुन्हा टाकते.' ज्यांनी निरोप पाठवले होते त्या प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं. जिची आई रडली होती तिला सर्वांत आधी.

मग पेन्सिल घेऊन बसल्या. कुठे बोटभर, कुठे अर्धं, हे लिहून काढायचं होतं. आणि ते लिहिता येईना. हाताला सगळं ठाऊक होतं, पण हात ते सांगायला तयार नव्हता. पेन्सिल कडेपाशी नेली की अंदाज गडबडायचा. शिवाय बोट कुणाचं? अण्णांचं बोट जाड होतं, आपलं बारीक. आयुष्यभर त्या नेमकं किती वाढवत होत्या हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

"शिवलेला कपडा तर खोटं बोलणार नाही ना?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

ताई पोस्टात गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, कारण पोस्टातल्या बाई ओळखीच्यांना पुढे घेत नाहीत.

"बाई, तुमची विजार उसवायचीय."

बाईंनी खिडकीतून खाली स्वतःकडे बघितलं. "ही? आत्ता?"

"ही नाही. दुसरी."

"ताई, तुम्ही शिवलेल्या दोनच आहेत माझ्याकडे."

"माहितीये. म्हणूनच विचारतेय."

बाईंनी मागच्या माणसाला थांबायची खूण केली आणि सगळं ऐकून घेतलं. अण्णांच्या बोटाची गोष्टही. मग म्हणाल्या, "म्हणजे गेली इतकी वर्षं तुमच्या वडिलांचं बोट माझ्या विजारीत आहे तर." मागचा माणूस ठसका लागल्यासारखा खोकला. "उसवा. पण मला ते वर गेलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर विजारही गेली आणि कारणही गेलं."

त्या रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताईंनी विजारीची शिवण अन् शिवण उसवली. स्वतःचंच काम उसवणं कुणाही शिंप्याला आवडत नाही. दोरे ओढून काढले, तुकडे इस्त्रीने सपाट केले आणि खाकी कागदावर ठेवले. कागदाच्या कडेने कापडाची पट्टी डोकावत होती. मांडीशी रुंद, गुडघ्याशी निमुळती, कंबरेशी नाहीशी. अण्णांचं बोट पहिल्यांदाच उघड्यावर आलं होतं. ताईंनी टेप लावला आणि सगळीकडे लाल पेनने आकडे लिहिले.

बाकीच्या कागदांसाठी कपडे मिळणार नव्हते. तेव्हा त्यांनी कपाटातल्या जुन्या चादरी काढल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याशी काहीतरी बोलत राहा. कशाबद्दलही. माझं लक्ष हाताकडे जायला नको."

ड्रायव्हरसाहेबांनी मग घाटातल्या बंद पडलेल्या बसची हकिगत सांगितली, जी त्या घराने इतकी ऐकलेली आहे की भांड्यांनाही पाठ झाली असेल. ताई हूं हूं म्हणत गेल्या आणि हात आपलं काम करत गेला. एकेक चादर संपली की कागदाशी मिळवायची, टेप लावायचा, लाल आकडे. दिवस मावळायच्या आत घरात अंथरायला धड चादर उरली नाही.

"माझ्या बसची गोष्ट शेवटी कुणाच्या तरी कामाला आली," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

ताईंनी धाकट्याला फोन लावला. "उद्या सकाळी मी सगळे कागद वर टाकतेय. बोट जोडून. तुझ्या माणसाची सही दुपारी आहे, म्हणून आधी सांगतेय. मागून कळलं असं नको."

पलीकडून मग फोन ठेवला गेला.

सोमवारी सकाळी निळी पट्टी अर्ध्यावर असताना दाराची बेल वाजली. धाकटा आत आला तो थेट स्वयंपाकघरात. दाढी केलेली नव्हती. ड्रायव्हरसाहेब खुर्ची भिंतीला टेकवून, बरोबर कॉम्प्युटरच्या प्लगसमोर बसले होते.

"भाऊजी, जरा सरका."

"गुडघा धरलाय रे. उठवत नाही."

"काल संध्याकाळी भाजी घेताना बघितलं मी तुम्हाला."

"त्यानेच धरला."

धाकट्याने त्यांचा नाद सोडला आणि बहिणीकडे वळला. "बंद कर ते."

"नाही."

"ताई, दोन मशीन बंद आहेत. तिसरी कधी बंद पडेल सांगता येत नाही. ही सही झाली तर दुकान राहील. तुला बाहेरच्या लोकांचा पुळका आहे. घरच्यांचं काय?"

"दुकान राहावं असं मलाही वाटतं. तू शर्टांचे कागद विक, कोटांचे विक. ते अण्णांचे आहेत, तुझाही त्यात वाटा आहे. शेवटचा खिळा माझा आहे."

"त्यावर बोट अण्णांचंच आहे."

"होतं. काल काढलं."

"त्यांनी आयुष्यभर जपलं ते तू एका रविवारी उसवलंस."

"त्यांनी चोरासाठी कुलूप केलं होतं," ताई म्हणाल्या. "ते लागलं कुणाला? मुलीच्या हातची विजार घालून रडलेल्या म्हातारीला. मी अण्णांना आत्ता समोर बसवून हेच सांगितलं असतं. आणि ते रागावले असते, आणि मी तरीही टाकलं असतं."

पट्टी सरकत होती. तिघंही नकळत तिच्याकडे बघायला लागले. मध्येच ती थबकली. धाकट्याचा श्वास अडकला, ताईंचाही, आणि दोघांचे श्वास उलट्या कारणांनी अडकले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. पट्टी पुन्हा हलली.

"उद्यापासून दुकानात येऊ नकोस," धाकटा म्हणाला.

"येणार."

"मी टेबल हलवीन."

"हलव. जिथे ठेवशील तिथे उभी राहीन."

तो गेला. दार आपटलं नाही, नुसतं उघडं टाकून गेला. ड्रायव्हरसाहेब उठून ते लावायला गेले, गुडघा अजिबात न धरता. ते परत आले तेव्हा पट्टी संपली होती आणि पडद्यावर ताईंच्या कागदांची ओळ लागली होती. ताईंनी पोस्टातल्या बाईंना फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "गेलं. बघून घ्या."

कंपनीच्या माणसाने दुपारी सही केली नाही. शर्टांचे आणि कोटांचे कागद त्याने बघितले आणि असे आमच्याकडे ढीगभर आहेत म्हणाला. तिसरी मशीन अजून चालते. चालेल तोवर चालेल.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीच्या वेळी दुकानात गेल्या. टेबल हललं नव्हतं. धाकट्याने कामाचं कापड त्यांच्यापुढे टाकलं. ताईंनी पदर खोचला, शिंप्याचा खडू उचलला आणि आधी भिंतीकडे गेल्या. 'कागद दुकानाबाहेर दिले जाणार नाहीत' या अण्णांच्या ओळीला त्यांनी हात लावला नाही. तिच्या खाली लिहिलं: 'शेवटच्या खिळ्यावरचे दिले आहेत. घरी जाऊन छापून घ्या.'

धाकट्याने दुपारी फडकं घेऊन ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी ती पुन्हा लिहिली. तेव्हापासून हेच चाललंय. तो पुसतो, त्या लिहितात. त्यावर दोघांत एक शब्द होत नाही, बाकी बोलणं कामापुरतं सुरू झालंय. मध्यंतरी चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ छापलेली पानं मांडीवर घेऊन आले. मला शिवता येत नाही, एवढं शिवून द्याल का म्हणाले. धाकट्याने पानं हातात घेतली, टेप काढला आणि कडेची रेघ मोजली. बराच वेळ मोजली. मग म्हणाला, "हे बरोबर आहे." आणि मापं घ्यायला गुडघ्यावर बसला.

त्या दिवशीही दुपारी त्याने भिंतीवरची ओळ पुसली. ताईंनी खडूचा नवा डबा मागवला आहे.